अस्वलाचं घोरणं

"ही गोष्ट तुमच्यापैकी एकालाही खरी वाटणार नाही," साकेची, तांदळाच्या दारूची, वाटी खाली ठेवत उराबेने जाहीर केलं. "आणि ज्याला वाटेल त्याने उद्या डॉक्टरकडे जाऊन डोकं तपासून घ्यावं. मी स्वतः तिथे होतो, तरी मला वाटत नाही."

"मग सांगता कशाला दर वेळी?" गेन्झो म्हणाला. गेन्झो म्हणजे घरमालकीण तोयोचा धाकटा भाऊ. बाजारात मासळीचं दुकान, आणि आवाजही दुकानावरून हाका मारणाऱ्याचाच.

"हिगाकी ऐकत बसलाय म्हणून." उराबेने देव्हाऱ्यातल्या फोटोकडे बोट केलं. "त्याला ही गोष्ट फार आवडते. बघ, हसला."

फोटोतला हिगाकी काही हसला नाही. जिवंतपणीही तो फोटोसाठी हसला नव्हता. त्याच्यापुढे उदबत्ती जळत होती आणि बशीत एक नारिंगी संत्रं ठेवलेलं होतं. तेराव्या वर्षाचे विधी आटोपून भिक्षू निघून गेला होता. आता खोलीत चारच माणसं उरली होती: उराबे, गेन्झो, हिगाकीची बायको तोयो आणि मुलगी मित्सुए. मध्ये इनारी, म्हणजे तळलेल्या तोफूच्या पिशव्यांत भरलेला भात, उकडलेल्या अळकुड्या आणि गेन्झोने आणलेली भाजलेली मासळी.

उराबे खोटारडा आहे हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणाची तक्रारही नव्हती. साध्या हरवलेल्या छत्रीची गोष्ट सांगायला बसला तरी तिच्यात एखादा देवमासा शिरायचाच. आयुष्यभर त्याने पोट भरलं तेही अशाच गोष्टींवर. टीव्हीवर कार्टूनच्या जाहिराती लागतात ना, कॅरमेलच्या, साबणाच्या, डासांच्या उदबत्तीच्या, त्या आधी कागदावर चौकटी-चौकटींनी काढाव्या लागतात. पहिल्या चौकटीत अस्वल दार उघडतं, दुसऱ्या चौकटीत आत डोकावतं. प्रत्येक चौकटीशेजारी काय घडतं, कोण काय बोलतं आणि किती सेकंद, ते लिहायचं. हा स्टोरीबोर्ड हिगाकी काढायचा, आणि माल विकणाऱ्या कंपनीचे साहेब आले की हातात छडी घेऊन तो वाचून दाखवायचा उराबे. वाचून कसला, अंगात आणून. अस्वलही तोच, म्हातारीही तोच, दाराची करकरही तोच. हिगाकी मागे खुर्चीत मान खाली घालून बसायचा, जणू चित्रं दुसऱ्याच कुणी काढली असावीत.

पण या एका गोष्टीत उराबे मौजेखातर खोटं बोलत नव्हता. या गोष्टीच्या पोटात एक टेलिफोन होता. हिगाकी गेला त्या दुपारी तोयोने स्टुडिओत फोन केला होता. तो उराबेने घेतला आणि म्हणाला, "तो चित्र काढतोय, वहिनी." तेव्हापासून तोयो त्या एका वाक्यावर उभी होती. हे शेवटपर्यंत काम करत होते, मग एकाएकी गेले, कुणाच्याच हातात काही नव्हतं. शेजारणींना ती हेच सांगायची, भिक्षूलाही, आणि एकटी असताना बहुधा स्वतःलाही. ते वाक्य तिच्या पायाखालून निघता कामा नये, एवढंच उराबेला सांभाळायचं होतं. म्हणून तो प्रत्येक विधीला यायचा, पहिली वाटी संपायच्या आत सुरुवात करायचा आणि दर वेळी त्या वाक्यावर आणखी एक मजला चढवायचा.

"तर रजईची जाहिरात," उराबे म्हणाला. "डिसेंबर महिना. आमचा स्टुडिओ तोफूवाल्याच्या वरच्या मजल्यावर. खालून वाफ यायची, वर आम्ही कुडकुडायचो. अर्धा माणूस उकडलेला, अर्धा गोठलेला. जाहिरातीत काय, तर एक अस्वल. त्याला हिवाळाभराची झोप लागत नाही. गुहा गार. मग त्याला ही रजई मिळते आणि ते झोपतं. संपलं."

"एवढंच?" गेन्झो.

"एवढंच! आणि हे एवढंसं पंधरा सेकंदांत बसवायचं. त्यातले शेवटचे तीन सेकंद कंपनीच्या नावाला. म्हणजे अस्वलाच्या वाट्याला बारा. आता आमचा हिगाकी कसा, ते तुला माहीत नाही. डाव्या हातात स्टॉपवॉच, डोळे मिटलेले, आणि खुर्चीतच अस्वल व्हायचा. कूस बदलायचा, पंजे पोटाशी घ्यायचा, सुस्कारा टाकायचा. मग घड्याळ बघायचा, तर कंपनीच्या नावासकट अठरा! मालक ओरडायचे, 'हिगाकी, तीन सेकंद काप!' हा म्हणायचा, 'अस्वलाला आडवं व्हायला एवढा वेळ लागतोच.' साबण असो की कॅरमेल, बोर्ड जास्तच भरायचा. माझी निम्मी हयात त्याचे सेकंद कापण्यात गेली. कंपनीचा एक साहेब म्हणाला होता, हिगाकीसानांना रेल्वेत नोकरी दिली असती तर देशात एकही गाडी निघाली नसती."

तोयो हसली. दर वेळी ती इथे हसायची. हात तोंडाशी नेऊन, खांदे हलवत.

मित्सुए हसली नाही. ती खाली बघून संत्र्याची साल बोटांनी बारीक करत होती. बाप गेला तेव्हा ती शाळेत होती. आता तीच एका स्टुडिओत जाहिरातींचे स्टोरीबोर्ड काढते. तिच्या बोटाला बापाच्याच जागी पेन्सिलचा घट्टा आहे. उराबेला तो दर वर्षी जरा मोठा झालेला दिसायचा, आणि तो दुसरीकडे बघायचा.

"तर त्या दिवशी," उराबेने आवाज चढवला, "साहेब लोक स्वतः स्टुडिओत येणार होते. एरवी आम्ही जायचो, पण त्यांना म्हणे अस्वल कुठे राहतं ते बघायचं होतं. हिगाकी सकाळपासून असा बसला, असा बसला, की पेन्सिलीतून धूर! मी स्वतः तिच्यावर पाणी शिंपडलं. एक चौकट संपते न संपते तोच दुसरी. खालून तोफूवाला ओरडला, 'अरे वर आग लागली का?' आणि तेवढ्यात वहिनींचा फोन. मी रिसीव्हर कानाला लावला नि हिगाकीकडे बघितलं. त्याने मान वर केली नाही. नुसता डावा हात उचलला, असा, आणि म्हणाला, 'सांग तिला, अस्वलाला झोपवतोय.'"

"हे असंच बोलायचे," तोयो हळूच म्हणाली.

"शब्द न् शब्द, वहिनी! मग त्याने शेवटची चौकट काढली. सेकंद लिहिले. पेन्सिल कागदाला समांतर ठेवली. अस्वलाकडे बघितलं, म्हणाला, 'झोपलं,' आणि बोर्डावर डोकं टेकलं. बस. दुखणं नाही, खुपणं नाही. पेन्सिलीला हात लावला तर ती अजून गरम."

गेन्झोने मासळीचा काटा बशीच्या कडेला ठेवला.

असं घडलं नव्हतं.

घडलं ते असं. हिगाकी सकाळी आला तो मान चोळतच. डोकं ठणकतंय म्हणाला. पहिल्या काही चौकटी त्याने काढल्या, अस्वलाला गुहेत आणलं, रजईपर्यंत पोचवलं, आणि म्हणाला, "जरा पडतो." मग कपाटामागच्या आपल्या टेबलाखाली आडवा झाला. त्या स्टुडिओत टेबलाखाली झोपणं म्हणजे पार्कात बाकावर बसावं इतकं साधं. कुणाचे ना कुणाचे पाय कुठून तरी बाहेर आलेले असायचेच. आणि त्या मजल्यावर कायदा एकच होता: झोपलेल्याला उठवायचं नाही. वळसा घालून जायचं, फार तर अंगावर आपला कोट टाकायचा. बाकी कुठलाच नियम तिथे कुणी पाळत नव्हतं. हा मात्र मालकसुद्धा पाळायचे. उराबेने आपला कोट त्याच्या अंगावर टाकला. जड, गरम, काळा कोट.

थोड्या वेळाने टेबलाखालून घोरणं सुरू झालं. मोठं, खरखरीत, खोल विहिरीतून येणारं.

रंग भरणाऱ्या पोरींपैकी एकीने ब्रश थांबवला. "हिगाकीसान घोरतायत? नवलच. कधी ऐकलं नव्हतं."

"थकलाय बिचारा," उराबे म्हणाला. "घोरू दे."

आणि सगळे दबक्या पावलांनी चालू लागले. कुणी रेडिओ बंद केला. कुणी खिडकीवर पुठ्ठा लावला, त्याच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून. इतकी माया त्या मजल्यावर एका माणसावर त्याआधी कुणी कधी केली नव्हती.

बोर्ड अर्धा राहिला होता आणि साहेब जेवणानंतर येणार होते. उराबे हिगाकीच्या खुर्चीत बसला. हिगाकीची रेघ त्याला डोळे मिटून काढता यायची. अस्वल आडवं झालं, रजई ओढली गेली, नाक तेवढं बाहेर राहिलं. आता अस्वल घोरणार. पण अस्वल एकदा घोरलं तर किती सेकंद? हिगाकी असता तर डोळे मिटून स्वतःच घोरला असता. उराबेने इकडेतिकडे बघितलं, स्टॉपवॉच उचललं आणि टेबलाखाली कान दिला. श्वास आत. मध्ये थांबणं. श्वास बाहेर. त्याने बटण दाबलं, आकडा बघितला, लिहिला. पुन्हा दाबलं. मधलं थांबणं जरा लांबलं होतं. तेही लिहिलं. इतकं खरं घोरणं त्याने आजवर कुठल्या बोर्डावर बघितलं नव्हतं. तो स्वतःवर खूश झाला.

साहेब वेळेआधीच आले. कोचावर बसून चहा पीत होते, तेव्हाच फोन वाजला.

"सकाळी डोकं दुखतंय म्हणत होते हे," तोयो म्हणाली. "मफलरही विसरून गेलेत. घेऊन येऊ का? दहा-पंधरा मिनिटांत येते."

कोचावर तीन माणसं बसली होती, आणि ज्याचा बोर्ड बघायला आली होती तो माणूस टेबलाखाली घोरत होता. 'झोपलाय' असं त्यांच्यादेखत कसं म्हणायचं?

"नको नको, तो चित्र काढतोय, वहिनी. आत्ता मध्ये आलात तर अस्वल जागं होईल."

तोयो हसली. फोन ठेवला.

मग उराबेने छडी घेतली आणि अस्वल झाला. पार शेवटापर्यंत नेलं त्याने. रजई ओढली, नाक बाहेर ठेवलं, तोंड उघडलं, आणि तो घोरणार तोच कपाटामागून, टेबलाखालून, खरं घोरणं आलं. अगदी वेळेवर. साहेब लोक आधी चमकले, मग खो खो हसत सुटले. मोठे साहेब मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा! आवाजासाठी माणूस ठेवलाय! याला म्हणतात तयारी! पुन्हा करा, पुन्हा!"

उराबेने पुन्हा केलं. रजई ओढली. नाक बाहेर ठेवलं. तोंड उघडलं आणि वाट पाहिली.

कपाटामागून काही आलं नाही.

तेव्हा तो स्वतःच घोरला.

इस्पितळातल्या डॉक्टरने एवढंच विचारलं होतं, "घोरायला केव्हा लागले?" उराबेने वेळ सांगितली, ती खोटी, फोननंतरची. डॉक्टरने त्याच्याकडे जरा रोखून बघितलं. म्हणाला, "ते झोपेचं घोरणं नव्हतं, मेंदूत रक्तस्राव झाल्याचं होतं. वाचले असते असं मी म्हणत नाही. पण सुरुवातीलाच घरच्या माणसांना बोलावलं असतंत तर हातात हात घेता आला असता. कधीकधी ऐकू येत असतं त्यांना."

त्यानंतर रजईची जाहिरात वर्षानुवर्षं चालली. रोज संध्याकाळी बातम्यांच्या आधी अस्वल घोरायचं आणि तोयो हातातलं काम टाकून टीव्हीपुढे येऊन बसायची. 'ह्यांचं शेवटचं काम.'

"काका," मित्सुए म्हणाली, "आज करून दाखवाल?"

तिने पाठीमागची कागदी पिशवी पुढे ओढली. जुना स्टुडिओ यंदा बंद झाला, माळे रिकामे झाले. कुणीतरी आठवणीने तिला बोलावून त्या रजईच्या बोर्डाचा गठ्ठा दिला होता. तिने बोर्डाची पानं चटईवर ओळीने मांडली. पिवळी पडलेली, कोपऱ्यांत टाचण्यांचा गंज. अस्वल गुहेचं दार उघडत होतं.

"अगं, हे कुठे सापडलं तुला?" तोयो पुढे सरकली. तिने कागदाला हात लावला नाही, नुसता त्यावरून फिरवला.

"आता हे बघ, म्हातारा माणूस मी, गुडघे—" उराबेने सुरुवात केली.

"करा की!" गेन्झो ओरडला. "गोष्टीत तर पेन्सिली पेटवता, आणि एक अस्वल होत नाही?"

आता, उराबेपुढे छडी आणि चार माणसं ठेवली की त्याला आवरणं त्याच्या स्वतःच्याही हातात नसायचं. त्याने जेवणाच्या दोन काड्या एकत्र धरल्या आणि पहिल्या चौकटीवर टेकवल्या. अस्वल आत आलं. थंडी वाजली. दात वाजले. गेन्झो फिदीफिदी हसला. रजई आली, पोटापर्यंत, छातीपर्यंत, नाकापर्यंत. आणि अस्वल घोरलं. आत, थांबणं, बाहेर. आत, लांबलेलं थांबणं, बाहेर. मग कंपनीचं नाव.

टक.

मित्सुएच्या मुठीत स्टॉपवॉच होतं. तिने ते चटईवर, शेवटच्या पानाच्या कडेला ठेवलं.

"पंधरा," ती म्हणाली.

"वा!" गेन्झो टाळ्या वाजवू लागला. "म्हातारा अजून पक्का आहे!"

"मामा, थांब." मित्सुए उराबेकडे बघत होती. रागाने नाही, बोर्ड तपासताना बघतात तसं. "काका, मी काल घरी तीनदा मोजलं. बरोबर पंधरा. बाबांचा एकही बोर्ड पंधरात बसला नाही, हे आत्ताच तुम्ही सांगितलंत. दर वेळी सांगता. अस्वलाला आडवं व्हायलाच त्यांना पाच सेकंद लागायचे. इथे दोन आहेत."

"त्या दिवशी... घाई होती, बाळ."

"बाबांना घाई कधी जमली?" तिने पहिल्या पानांकडे बोट केलं. "इथपर्यंतचं अस्वल बाबांचं आहे. हे सावकाश चालतं. इथून पुढचं तुमचं आहे."

उराबेने वाटी उचलली. रिकामी होती. तरी तोंडाला लावली. तोयो एकदा मुलीकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती, चेहऱ्यावर अजून मघाचं हसू होतं, कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखं.

"म्हणजे काढत नव्हते हे?" तिने विचारलं. "मी फोन केला तेव्हा?"

आणि मग उराबेच्या डोक्यात, आयुष्यभर आली तशीच, ऐन वेळेला एक गोष्ट आली. त्याला हायसं वाटलं. वरचा मजला पडला तर पडू दे, खालचा तरी, कुणाच्याच हातात काही नव्हतं हा, धरून ठेवू. त्याने मांडीवर थाप मारली.

"पकडलं! पोरीने पकडलं मला! बापाची मुलगी शोभतेस. बरं बाबांनो, खरं सांगतो. वहिनी, रागावू नका. शेवटच्या चौकटी माझ्या. का? तर हा तुमचा नवरा टेबलाखाली मस्त झोपला होता! साहेब यायची वेळ, आणि हा आडवा! मी म्हटलं झोपू दे, उठवलं तर पुन्हा अठरा सेकंद करून ठेवील." गेन्झो हसला, तसा उराबेला जोर आला. "आणि घोरत काय होता! अगं मित्सुए, हे बोर्डावरचं घोरणं कुणाचं? त्याचंच! मी टेबलाखाली कान लावून मोजलंय. साहेब आले, मी अस्वल झालो, आणि कपाटामागून हा असा घोरला की मोठ्या साहेबांच्या हातातला चहा सांडला! म्हणाले, आवाजासाठी माणूस ठेवलाय! नवीन काही नव्हतं त्यात, स्टुडिओत रोजचंच होतं. हिगाकी झोपला की शाईच्या बाटल्या टेबलावरून चालत जायच्या. खालचा तोफूवाला जिन्यात येऊन ओरडायचा. घरी तर काय, वहिनी, भिंती हलत असतील! तसाच त्या दिवशीही घोरला, नेहमीसारखा, आणि झोपेतच गेला. सुखाने. आम्हांला काय कळणार? रोज घोरणारा माणूस—"

"उराबेसान," तोयो म्हणाली.

ती कधी कुणाचं बोलणं तोडत नसे. गेन्झोचं हसणं मध्येच थांबलं.

"खोटं बोलताय तुम्ही," ती म्हणाली. "हे जन्मात कधी घोरले नाहीत."